चांगलं दिसत असताना पडद्याला लेझर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहणाऱ्या एका ताईंचे सासरे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, माढा तालुक्यात शेती करतात. वय ६१, शुगर १६ वर्षांपासून. गावातल्या शिबिरात डोळे तपासले, तिथून सोलापूरला पाठवलं आणि डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना लेझर सांगितलं. डाव्या डोळ्यात नवीन रक्तवाहिन्या आल्यात असं कागदावर लिहिलंय. आप्पा पेपर वाचतात, मोबाइल बघतात, त्रास काहीच नाही. त्यांचे चुलतभाऊ काही वर्षांपूर्वी असंच लेझर करून आले आणि महिन्याभरात त्या डोळ्यात रक्त उतरून नजर गेली. त्यामुळे आप्पा हटून बसलेत, ‘चांगल्या डोळ्याला हात लावायचा नाही.’ ताईंना विचारायचंय की लेझर केलेल्यांचा खरा अनुभव काय असतो, दुखतं का, नजर सुधारते का, आणि त्यापेक्षा इंजेक्शन बरं नाही का.

ताई, मी पडद्याच्या आजारांचंच काम करते आणि आप्पांचं वाक्य माझ्या ओपीडीत सतत ऐकू येतं. म्हणून आधी तेच सांगते जे लेझरच्या खोलीत शिरण्यापूर्वी प्रत्येकाला कळलं पाहिजे. या लेझरने नजर वाढत नाही. चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर वेगळं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे आलेली जाळी उडवायचं लेझर वेगळं. त्या दोन्हींनंतर माणूस खुशीत घरी जातो, कारण लगेच फरक दिसतो. पडद्याच्या लेझरनंतर असं कुणी म्हणत नाही. उलट पहिले काही दिवस थोडं कमीच दिसतं. ही गोष्ट आधी नीट न सांगता लेझर झालं की पेशंटला फसल्यासारखं वाटतं. तो दुसऱ्या सिटिंगला येत नाही आणि अर्धवट राहिलेला आजार आपल्या वाटेने पुढे जातो. मग बोल लागतो लेझरला.

आता आप्पांच्या डोळ्यात काय चाललंय ते बघू. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. काही ठिकाणी त्यांना बारीक फुगे येतात, काही ठिकाणी त्या पाझरतात, काही कायमच्या बंद पडतात. जिथे बंद पडतात तिथल्या पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, आणि तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडून नवीन वाहिन्या उगवायला लावतो. ऐकायला ही चांगली सोय वाटते, पण या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या पडद्याच्या वर, डोळ्यातल्या पारदर्शक जेलीच्या आधाराने पसरतात. जेली जराशी सरकली, ताणली गेली, की त्या फाटतात आणि रक्त जेलीत पसरतं. पुढे त्यांच्याभोवती चिवट पापुद्रा तयार होतो, तो आकसतो आणि पडद्यालाच ओढून जागेवरून उठवतो. काहींच्या बाबतीत त्या वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागात, बुबुळावर येतात, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडते आणि प्रेशर इतकं चढतं की माणूस ठणक्याने रात्रभर बसून राहतो. ती काचबिंदूची जात फार वाईट.

या सगळ्यात आप्पांना पेपर कसा वाचता येतो? कारण वाचायचं काम पडद्याच्या अगदी मधल्या भागाचं, मॅक्युलाचं. तिथे सूज नसेल तर चार्टवरची शेवटची ओळ माणूस घडाघडा वाचतो, आणि त्याच डोळ्यात थोडं बाजूला नव्या वाहिन्यांचं जाळं असतं. पडद्याला दुखण्याची जाणीवही नाही, म्हणून शरीराकडून सूचना येत नाही. पहिली सूचना येते ती रक्त उतरल्यावर. मग ‘दिसतंय तोवर कशाला’ या प्रश्नाचं उत्तर असं की लेझर नीट करता येतं ते दिसतंय तोवरच. जेली रक्ताने भरली की मला पडदा दिसत नाही, आणि लेझरचा किरणही पडद्यापर्यंत पोचत नाही.

लेझर नेमकं करतं काय? हिरव्या प्रकाशाचा किरण, बहुतेक यंत्रांत ५३२ नॅनोमीटरचा, पडद्याच्या कडेच्या भागावर टिपक्याटिपक्याने सोडतात. प्रत्येक टिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जुन्या पद्धतीने एका डोळ्याला असे साधारण १२०० ते १६०० टिपके लागायचे. आता बऱ्याच ठिकाणी एका दाबात टिपक्यांची अख्खी चौकट उमटवणारी यंत्रं आहेत. त्यांचा प्रत्येक टिपका फक्त २० मिलिसेकंदांचा, सौम्य असतो, म्हणून संख्या जास्त लागते. जिथे टिपका पडतो तिथल्या, भरपूर ऑक्सिजन खाणाऱ्या पेशी जळतात. हो, जळतात. ते लपवायचं कारण नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजवायला फार बोलावं लागत नाही: विहिरीचं पाणी आटलं की तो डाळिंबाच्या कडेच्या ओळी सोडून देतो आणि आहे ते पाणी मधल्या झाडांना घालतो. कडेच्या पडद्याची मागणी कमी झाली की व्हीईजीएफ कमी होतं आणि नव्या वाहिन्या सुकायला लागतात. मॅक्युलाला आम्ही हात लावत नाही.

हे कुणा एका डॉक्टरचं मत नाही. डोळ्यात प्रकाशाने डाग देऊन उपचार करायची कल्पना जर्मनीच्या गेर्ड मायर-श्विकराथ यांची. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलेल्यांच्या पडद्यावर पडलेले चट्टे त्यांनी पाहिले होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चक्क सूर्यप्रकाश वापरून प्रयोग केले. लेझर आलं १९६० साली, ते डोळ्यासाठी वापरात आलं त्यापुढच्या काही वर्षांत, आणि खरी परीक्षा झाली ती अमेरिकेत १९७० च्या दशकात. सतराशेहून जास्त पेशंट, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर, दुसरा डोळा तसाच ठेवला. दोन वर्षांनी, लेझर न केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे १६ टक्के डोळ्यांची नजर जवळजवळ गेली होती. लेझर केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. आजार जास्त पुढे गेलेल्या डोळ्यांत तेच आकडे २६ आणि ११. फरक इतका उघड होता की १९७६ मध्ये अभ्यास मध्येच बदलून, लेझर न केलेल्या धोक्याच्या डोळ्यांनाही उपचार देण्याची परवानगी दिली गेली. या आकड्यांकडे नीट बघा, ताई. लेझर करूनही काही डोळे गेले. ते कवच नाही. पण धोका निम्म्याहून खाली येतो, आणि आप्पांनी तोलायचं आहे ते हेच.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते. उपाशी येऊ नका, हे पहिलं. ‘लेझरचं ऑपरेशन’ ऐकून घरचे पेशंटला पाणीसुद्धा देत नाहीत, सकाळची शुगरची गोळी मात्र सवयीने दिलेली असते. मग आमच्या बाकावर बसल्या बसल्या घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. लेझर राहतं बाजूला, आधी साखर पाजावी लागते. आप्पांनी नेहमीसारखी भाकरी खाऊन, बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या वेळेवर घेऊन यावं. सोबत एक जण हवाच, कारण बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं अक्षर दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो. दुपारच्या उन्हात मोटरसायकल चालवत माढ्याला जाणं हा लेझरपेक्षा मोठा धोका आहे. काळा चष्मा किंवा निदान टोपी आणा.

थेंबांना अर्धा-पाऊण तास लागतो. मग बधिर करायचा थेंब. आप्पा स्टुलावर बसून हनुवटी पट्टीवर ठेवतील, कपाळ पुढच्या पट्ट्याला टेकवतील, म्हणजे नेहमीच्या तपासणीसारखंच. डोळ्यावर चिकट जेली लावून एक जाड भिंग ठेवलं जातं, त्यामुळे पापणी मिटत नाही. डोळ्यात काहीतरी बसवलंय हे जाणवतं, टोचत नाही. त्यानंतर हिरव्या प्रकाशाचे झगझगीत ठिपके एकामागून एक सुरू होतात आणि यंत्राचा टिकटिक आवाज येत राहतो. सुई नाही, टाका नाही, रक्त नाही. एक सिटिंग साधारण १० ते २० मिनिटांची. बऱ्याच जणांची तक्रार डोळ्यापेक्षा पाठीची आणि मानेची असते, म्हणून स्टुलाची उंची बसायच्या आधीच नीट करून मागा. त्यात संकोच नको.

दुखतं का? काहींना अजिबात नाही, काहींना चांगलंच. मधल्या भागाजवळ काम चालू असताना फारसं काही कळत नाही. कडेकडे गेलं, आणि विशेषतः घड्याळात ३ आणि ९ असतात त्या आडव्या दिशांना, की आत खोलवर कळ उठते, कारण तिथे पडद्यामागून नसा जातात. ती कळ क्षणभराची असते, पण पुन्हा पुन्हा येते, कधी कपाळात किंवा दातांपर्यंत जाते. तरुण पेशंटना जास्त दुखतं. पहिल्या सिटिंगला ‘काहीच वाटलं नाही’ म्हणणारे दुसऱ्या सिटिंगला कळवळतात, कारण तेव्हा कडेचा भाग घेतलेला असतो. चालत असेल तर तासभर आधी पॅरासिटामॉल घ्यावी. आणि आप्पांना सांगून ठेवा की सहन होत नसेल तर तोंडाने बोलायचं, मान मागे ओढायची नाही. आम्ही ताकद कमी करू शकतो, थांबू शकतो, अगदीच नाही जमलं तर डोळ्याच्या बाजूला बधिरतेचं इंजेक्शन देऊन करू शकतो. ‘माझ्या कानाकडे बघत राहा’ असं डॉक्टर म्हणाले की खरंच कानाकडेच बघायचं. हिरवा ठिपका कुठून येतो ते शोधायला नजर तिकडे वळवली तर मधला भाग किरणाच्या वाटेत येऊ शकतो. या उपचारात पेशंटकडून मला हवी असलेली एकच मोठी मदत म्हणजे ही.

भिंग काढल्यावर काही मिनिटं सगळं काळपट किंवा गुलाबी-जांभळं दिसतं. इथे बायाबापड्या हमखास घाबरतात. पंधरा-वीस मिनिटांत ते ओसरतं. डोळा थोडा लाल, डोकं जड, नजर एक-दोन दिवस धूसर. पट्टी बांधायची नाही, अंघोळ करायला हरकत नाही, स्वयंपाकाची फोडणी चालते, टीव्ही चालतो. मोतीबिंदूची पथ्यं लोक याला लावतात, त्याची गरज नाही. सगळं मिळून एका डोळ्याला दोन ते चार सिटिंग, मध्ये आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर. मी शक्यतो दोन्ही डोळे एकाच दिवशी करत नाही. एक डोळा तरी घरी जायला कामाचा असावा. चष्म्याचा नंबर दोन-तीन महिने काढू नका, पैसे वाया जातील.

नंतर राहणाऱ्या त्रासांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ओपीडीच्या गर्दीत हेच सांगायचं राहून जातं. कडेच्या पडद्यात अंधारात बघणाऱ्या पेशी जास्त असतात आणि लेझर पडतं ते तिथेच. त्यामुळे रात्रीची नजर कमी होते. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला वेळ लागतो, बाजूने येणारं जनावर किंवा सायकल उशिरा दिसते. शहरात बसून काम करणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. पण आप्पा शेतकरी आहेत. ज्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात त्यांना रात्री मोटर चालू करायला, दारं धरायला जावं लागत असणार. लेझरनंतर बांधावरून एकट्याने, मोबाइलच्या टॉर्चवर जाणं बंद करा. डोक्याला बांधायची चांगली बॅटरी घ्या, पायात बूट घाला, आणि जमेल तर रात्रीची पाळी मुलाकडे किंवा गड्याकडे द्या. ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर काढू नका. हा त्रास प्रत्येकाला सारखा होत नाही, सौम्य लेझरमध्ये कमी होतो, पण आधीपासून ठाऊक असला की माणूस ओढ्यात पडत नाही.

दुसरा त्रास मॅक्युलाच्या सुजेचा. एकदम खूप लेझर केलं, किंवा आधीच थोडी सूज होती, तर लेझरनंतर ती वाढून वाचताना धूसर दिसू शकतं. म्हणूनच आधी ओसीटी (पडद्याच्या थरांचा, सूज दाखवणारा स्कॅन) करतात, सिटिंग वाटून देतात आणि सूज असेल तर आधी इंजेक्शन देऊन मग लेझर करतात. आप्पांच्या कागदांत ओसीटीचा रिपोर्ट आहे का ते बघा. नसेल तर मागा. हातातून पिवळं औषध देऊन काढतात ती अँजिओग्राफी दर वेळी लागतेच असं नाही. केली तर त्या दिवशी लघवी गडद पिवळी होईल, त्याला कावीळ समजू नका.

आता चुलतभाऊ. त्यांचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम बोलणार नाही. पण ‘लेझर केलं आणि महिन्यात रक्त उतरलं’ ही हकिगत मी ज्या ज्या वेळी नीट उलगडून बघितली, त्यातली बहुतेक अशी होती: लेझर सांगितलं तेव्हाच वाहिन्या मोठ्या झालेल्या असतात. लेझरने त्या त्याच दिवशी नाहीशा होत नाहीत, सुकायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात त्या कधीही फुटू शकतात, लेझर केलं नसतं तरी फुटल्या असत्या. सुकताना त्या आकसतात, त्या ओढीनेही कधी रक्त येतं. त्यात चारपैकी एक-दोन सिटिंग करून माणूस ऊसतोड, लग्न, वारी यांत अडकून परत आलेलाच नसतो. आणि रक्त उतरलं म्हणजे डोळा गेला असंही नाही. बऱ्याचदा ते आपोआप खाली बसतं आणि शोषलं जातं. नाही शोषलं, किंवा सोनोग्राफीत पडदा ओढला गेलेला दिसला, तर व्हिट्रेक्टमी (डोळ्यातली जेली काढायचं ऑपरेशन) करून रक्त आणि पापुद्रे काढता येतात आणि त्याच ऑपरेशनमध्ये आतून लेझरही पूर्ण करता येतं. चुलतभाऊंना कुणी हे सांगितलं होतं का, की ‘नजर गेली’ म्हणून घरीच बसले? त्यांचा तो डोळा आजही कुणीतरी बघायला हवा, आणि दुसरा तर नक्कीच.

रक्त उतरलं तर काय करायचं तेही आप्पांना आजच सांगून ठेवा. अचानक काळे धागे, कोळिष्टकं, धुराचे लोट किंवा लालसर पडदा दिसला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचं. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायचं, म्हणजे रक्त खाली बसतं. पोती उचलायची नाहीत. आणि हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनसारखी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ॲस्पिरिनमुळे या आजारात डोळ्यात जास्त रक्त येतं का, हे अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात मुद्दाम तपासलं होतं आणि तसं आढळलं नाही. डोळ्याच्या भीतीने गोळी सोडून हार्ट अटॅक ओढवून घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

इंजेक्शनचं विचारलंय. डोळ्याच्या आत देतात ती इंजेक्शनं (बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट) व्हीईजीएफला थेट अडवतात. ती उत्तम औषधं आहेत. मॅक्युलाच्या मध्यावर सूज येऊन नजर कमी झाली असेल तर आज पहिला उपचार तोच, लेझर नाही. तिथे नजर खरोखर वाढूही शकते. नव्या वाहिन्यांसाठीही ती चालतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रॅनिबिझुमॅब घेतलेल्यांची नजर दोन वर्षांनी लेझरवाल्यांपेक्षा कमी नव्हती, आणि कडेची नजर अधिक राखली गेली. मग सगळ्यांना इंजेक्शनच का देत नाही? कारण त्यांचा असर काही आठवड्यांचा. पुन्हा पुन्हा यावं लागतं, सुरुवातीला जवळजवळ दर महिन्याला, आणि ते वर्षानुवर्षं. त्याच चाचणीत, जिथे पेशंटच्या मागे माणसं लावून बोलावलं जात होतं, तिथेही पाच वर्षांपर्यंत सुमारे एक तृतीयांश पेशंट गळाले. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, सहा महिन्यांहून जास्त काळ फिरकलेच नाहीत अशा पेशंटचे डोळे परत आल्यावर बघितले. फक्त इंजेक्शनं घेतलेल्यांचे डोळे लेझर केलेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होते, पडदा ओढला गेलेले जास्त.

माझं स्वतःचं धोरण यावरूनच ठरलंय. पुण्यात राहणारा, दर महिन्याला येणारच अशी खात्री असलेला, रात्री गाडी चालवून पोट भरणारा तरुण पेशंट असेल तर इंजेक्शनचा विचार मी मोकळेपणाने करते. माढ्याहून एसटीने येणारा, हंगामात चार महिने न दिसणारा पेशंट असेल तर आधी लेझर पूर्ण करते, मग बाकीचं. लेझर एकदा नीट झालं की त्याचा परिणाम टिकतो, पेशंट तपासणीला चुकला तरी काही राखण राहते. सूजही असेल तर इंजेक्शन आणि लेझर दोन्ही. आप्पांच्या बाबतीत, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, डाव्या डोळ्याला लेझर लवकर व्हावं असं मला वाटतं. उजव्या डोळ्यात नव्या वाहिन्या अजून नसतील तर तिथे किती घाई आहे हे त्या डोळ्याच्या फोटोंवरून ठरेल. आजार तीव्र पायरीवर असेल तर वर्षभरात जवळपास निम्म्या डोळ्यांत नव्या वाहिन्या येतात, त्यामुळे परत येण्याची खात्री नसलेल्या पेशंटला आम्ही त्या पायरीवरही लेझर सुचवतो. ‘उजव्या डोळ्याला का?’ हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा. तो विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

खर्चाचं म्हणाल तर बेव्हॅसिझुमॅब बाकी दोन्हींपेक्षा खूप स्वस्त, लेझरचा एकूण खर्च वर्षभराच्या इंजेक्शनांपेक्षा साधारणपणे कमी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि धर्मादाय नेत्र रुग्णालयांत आणखी कमी लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात हे बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून विचारा.

शुगर आटोक्यात आणली तर लेझर टळेल का, असं आप्पा विचारतीलच. नव्या वाहिन्या आल्यावर फक्त शुगरवर थांबता येत नाही. पण शुगर, बीपी आणि मूत्रपिंड या तिन्हींकडे बघितलं नाही तर लेझरचं काम वाया जातं. बीपीचं महत्त्व लोकांना ठाऊकच नसतं. इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासात, १९९८ साली, बीपी काटेकोर ठेवलेल्यांमध्ये पडद्याचा आजार पुढे सरकणं एक तृतीयांशाने कमी झालं. एक बारकी गोष्ट: खूप वर्षं चढी असलेली शुगर इन्सुलिनने किंवा सेमाग्लुटाइडसारख्या औषधाने झपाट्याने खाली आणली तर पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो. म्हणून औषध टाळायचं नाही, फक्त फिजिशियनला डोळ्याचा रिपोर्ट दाखवायचा आणि त्या काळात पडदा लवकर लवकर तपासायचा. लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिनही करून घ्या. पडद्यात एवढा आजार असेल तर मूत्रपिंडातही बहुतेक वेळा काहीतरी सुरू झालेलं असतं.

नजर वाढवणारे थेंब, मध, गाईच्या तुपाच्या वाट्या, गाजराचा रस. यातल्या कशानेही नव्या वाहिन्या सुकत नाहीत. गाजराच्या रसाने शुगर मात्र वाढते.

आप्पांना तयार करायचं कसं? त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला स्वतः सोबत जा आणि डॉक्टरांना सांगा, ‘आप्पांना त्यांच्या पडद्याचा फोटो दाखवा.’ आपल्याच डोळ्यातलं ते लाल जाळं स्क्रीनवर मोठं करून बघितल्यावर बऱ्याच जणांचं ‘मला काही झालेलं नाही’ गळून पडतं. समोरासमोर असताना डॉक्टरांकडून चार गोष्टी वदवून घ्या: किती सिटिंग, कुठल्या तारखांना, आधी सूज आहे का, आणि संपल्यावर तपासणी कधी. सगळ्या तारखा एकदमच लिहून घ्या, वारी आणि ऊसतोडीचा हंगाम बघून. लेझर पूर्ण झाल्यावरही पहिल्या वर्षी दर दोन-चार महिन्यांनी पडदा बघावा लागतो, कधी राहिलेल्या जागी थोडे टिपके आणखी मारावे लागतात. त्याला ‘पहिलं लेझर फसलं’ असं समजू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण पडद्याच्या डॉक्टरांचंच घ्या, आणि एक-दोन आठवड्यांत. फोटो, ओसीटी आणि शुगरचे रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. जाताना आप्पांच्या बरोबर घरातल्या इतर शुगरवाल्यांनाही न्या, चुलतभाऊंना तर आधी. चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये केलेल्या २०२२ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यात हा आजार सापडला, आणि ४ टक्क्यांच्या डोळ्यांत तो नजर धोक्यात येण्याइतका होता. शुगर निघाली त्या वर्षीच पहिली पडदा तपासणी व्हायला हवी, आणि त्यानंतर दर वर्षी.